काळ्या पट्टीमागचा कागद : २६/११ खटल्याची कागदपत्रं कशी शोधावीत, कशी वाचावीत

दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की कुणीतरी विचारतंच, "२६/११ची फाईल कुठे बघायला मिळेल?" विचारणारी मुलं हल्ल्याच्या वेळी बालवाडीत होती. त्यांना टीव्हीवरची दृश्यं नको असतात, मूळ कागद हवा असतो. मला या मागणीचं फार मोल वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली अडचण अशी की 'फाईल' नावाची एक वस्तू कुठेच नाही. मुंबई पोलिसांचा तपास, आर्थर रोडच्या विशेष न्यायालयातला खटला, राज्य सरकारने नेमलेली प्रधान समिती, शिकागोचं फेडरल न्यायालय, दिल्लीतली एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा), अशा निदान पाच जागी कागद विखुरलेले आहेत. प्रत्येक जागी काय झाकायचं याचे नियम निराळे. त्यामुळे एकीकडे काळं केलेलं नाव दुसरीकडे सरळ छापलेलं सापडतं. एकाच दारावर धडका देत बसलेला माणूस दोन महिन्यांत कंटाळतो. दारं बदलत फिरणाऱ्याच्या हाती पुष्कळ लागतं.

आधी निकालपत्र, मग अर्ज

नवखा माणूस पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतो. थोडं थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबच्या अपिलावर दिलेला निकाल आधी वाचा. फौजदारी अपील क्रमांक १८९९-१९०० वर्ष २०११, न्यायमूर्ती आफताब आलम आणि सी. के. प्रसाद. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर निकाल मोफत वाचता येतात, नोंदणी लागत नाही.

हा निकाल म्हणजे खटल्याचा नकाशा आहे. कसाबचा दंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब त्यात आहे. कुबेर बोट, रबरी होडीचं यामाहा इंजिन, त्या इंजिनाचा पाकिस्तानापर्यंत लागलेला माग आहे. हल्लेखोर आणि त्यांना पलीकडून सूचना देणारे यांच्यातली फोनवरची संभाषणं पानंच्या पानं उतरवलेली आहेत. ही पानं वाचताना मला दोनदा उठून बाहेर जावं लागलं होतं. न्यायालयाने वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाबद्दल काढलेले कडक उद्गारही याच संभाषणांच्या आधारावर आहेत, कारण पडद्यावर दिसणारी पोलिसांची हालचाल पलीकडचे लोक आतल्यांना सांगत होते.

वाचताना शेजारी वही ठेवा आणि दोनच गोष्टी टिपा : साक्षीदाराचा क्रमांक आणि निशाणी क्रमांक. न्यायालयात पुरावा म्हणून दाखल झालेल्या प्रत्येक कागदावर निशाणी पडते. पुढे नकलेसाठी अर्ज करताना "हल्ल्याविषयीची सर्व कागदपत्रं" असं लिहिलंत, तर अर्ज परत येणार हे धरून चाला. "निशाणी क्रमांक अमुक, तमुक साक्षीदाराच्या साक्षीवेळी दाखल झालेला पंचनामा" असं लिहिलंत, तर कारकुनाला तो काढता येतो. माझ्या पाहण्यात अर्ध्याहून अधिक अर्ज या एका चुकीने पडतात.

प्रधान समितीचा अहवाल हा दुसरा कागद. निवृत्त केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि 'रॉ'मधून निवृत्त झालेले व्ही. बालचंद्रन अशी दोघांची समिती डिसेंबर २००८मध्ये नेमली गेली. अहवाल एप्रिल २००९मध्ये सादर झाला. सुरक्षेचं कारण देऊन तो आधी रोखून धरला होता, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पटलावर आला. पटलावर आलेला कागद सार्वजनिक झाला, त्यासाठी अर्जाची गरज नाही. म्हणून कुठलाही जुना नकार हाती आला की त्याची तारीख बघा. तेव्हाचा नकार आज लागू असेलच असं नाही.

शिकागोतला कागद

मुंबईच्या हल्ल्याविषयीचा बराच मजकूर अमेरिकेत उघडा पडलेला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. लष्कर-ए-तैयबासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली ऑक्टोबर २००९मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. इलिनॉयच्या उत्तर जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयातला त्याचा आणि त्याचा साथीदार तहव्वूर राणा याचा खटला क्रमांक '०९ सीआर ८३०' असा आहे. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तिथली कागदपत्रं 'पेसर' या सरकारी यंत्रणेवर मिळतात. पानाला १० सेंट पडतात, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर (साक्षींच्या प्रतिवृत्तांना ही मर्यादा नाही), आणि तीन महिन्यांत ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर बिलच येत नाही. त्याआधी 'कोर्टलिसनर' पाहा. कुणीतरी पैसे भरून उतरवलेले अनेक कागद तिथे फुकट साठवलेले आहेत.

सुरुवात हेडलीच्या १८ मार्च २०१०च्या कबुली-करारापासून करा. तो मुंबईत पाच वेळा येऊन चित्रीकरण करून गेला : सप्टेंबर २००६, फेब्रुवारी २००७, सप्टेंबर २००७, एप्रिल २००८ आणि जुलै २००८. एप्रिलच्या खेपेत त्याने होडीने बंदरात फिरून उतरण्याच्या जागा हेरल्या आणि त्या जीपीएस यंत्रात नोंदवल्या. हे सगळं त्या करारात सरळ लिहिलेलं आहे. झाकलेली आहेत ती माणसांची नावं. काळी पट्टी कुठेच दिसणार नाही, त्याऐवजी 'लष्कर मेंबर ए', 'लष्कर मेंबर डी' अशी अक्षरं आहेत. हीसुद्धा झाकण्याचीच रीत आहे, फक्त डोळ्यांत भरत नाही.

आता त्याच खटल्यातलं एप्रिल २०११चं सुधारित आरोपपत्र शेजारी ठेवा. त्यात साजिद मीर, अबू काहाफा, मझहर इक्बाल आणि 'मेजर इक्बाल' ही नावं उघड आलेली आहेत. दोन्ही कागदांतले प्रसंग आणि तारखा ओळीने जुळवत गेलात की कुठलं अक्षर कुठल्या नावाच्या जागी असावं हे दिसायला लागतं. पण वहीत 'असावं' असंच लिहा. जुळणी तुमची आहे, न्यायालयाची नव्हे.

हेडलीच्या तोंडचा मजकूर तीन जागी आहे : हा करार, राणाच्या खटल्यातली मे २०११ची साक्ष, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात व्हिडिओवरून झालेली माफीच्या साक्षीदाराची साक्ष. एकाच घटनेबद्दल तो तिन्ही ठिकाणी काय म्हणतो ते समोरासमोर मांडून पाहा. एका आठवड्याच्या या कामातून जे कळतं ते दहा चर्चासत्रं ऐकून कळत नाही.

इथे एक कळकळीची विनंती. आरोपपत्र म्हणजे आरोप. कबुली म्हणजे त्या माणसाने मान्य केलेलं. निकाल म्हणजे न्यायालयाने ठरवलेलं. शिकागोच्या ज्युरीने जून २०११मध्ये राणाला डेन्मार्कमधल्या वृत्तपत्रावर हल्ल्याचा कट आणि लष्कर-ए-तैयबाला मदत यांसाठी दोषी धरलं, मुंबई हल्ल्याच्या आरोपातून मात्र सोडलं. मुंबईच्या प्रकरणात त्याचं प्रत्यार्पण करावं, यासाठी पुढे कॅलिफोर्नियात १६ मे २०२३चा आदेश आणि १५ ऑगस्ट २०२४चा अपील न्यायालयाचा निकाल झाला, आणि १० एप्रिल २०२५ रोजी तो दिल्लीत आणला गेला. हे दोन्ही अमेरिकी निकाल उघडे आहेत, भारताने कुठले पुरावे पुढे केले ते त्यांत सापडतं. पण प्रत्यार्पणाला मंजुरी म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे. तुमच्या लेखात प्रत्येक वाक्यामागे यांपैकी कुठला कागद आहे ते लिहा.

एफबीआयकडचे कागद हवे असतील तर तिथल्या माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली भारतीय नागरिकही अर्ज करू शकतो. सामान्य अर्जदाराला पहिली १०० पानं आणि दोन तासांचा शोध मोफत असतो. मुदत कायद्यात कामाचे २० दिवस, प्रत्यक्षात पुष्कळ लांबते. तिथल्या काळ्या पट्ट्यांच्या कडेला बारीक संकेत छापलेले असतात, ते पाठ करा. 'बी-१' म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेसाठी गोपनीय. 'बी-६' आणि 'बी-७-सी' म्हणजे कुणाचं तरी खासगीपण. 'बी-७-ए' म्हणजे चालू कारवाईला बाधा. 'बी-७-डी' म्हणजे गुप्त खबऱ्याचं रक्षण. पट्टीखाली नाव आहे की खबऱ्याचा धागा, याचा अंदाज या एका अक्षरावरून येतो. 'बी-७-ए' दिसलं तर तारीख टिपून ठेवा, कारण कारवाई संपली की ते कारण उरत नाही आणि तोच अर्ज पुन्हा करता येतो.

आपल्याकडचा अर्ज

एनआयएला अर्ज करून दहा रुपये घालवू नका. २०११पासून ती माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि कलम २४ने तिला वगळलेलं आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचं उल्लंघन याविषयीची माहिती तेवढी या सवलतीत बसत नाही.

न्यायालयातले कागद माहिती अधिकारात मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलंय की न्यायालयीन अभिलेखाच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्याव्यात. म्हणजे नक्कल विभागात जायचं, खटल्यात पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी ते कारणासह प्रतिज्ञापत्रावर लिहायचं, आणि परवानगीची वाट पाहायची. पोलिसांचं दोषारोपपत्र संकेतस्थळावर टाका अशी मागणीही जानेवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली आहे.

उरतात ते पोलिसांचे आणि मंत्रालयाचे प्रशासकीय कागद : नियंत्रण कक्षाच्या नोंदी, साहित्य खरेदी, भरपाई, पत्रव्यवहार. इथे माहिती अधिकार खरा चालतो. हुतात्मा पोलिस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षातल्या संभाषणांच्या नोंदी याच कायद्याने मिळवल्या. ही गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगतो. त्यांनी एक रात्र आणि एक नोंदवही नेमकी धरली होती.

राज्याच्या कार्यालयांसाठी अर्जाचा नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, किंवा सरळ राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावर. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. परदेशातल्या मराठी माणसाकडे भारताचं नागरिकत्व असेल तर तोही अर्ज करू शकतो, नुसतं ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड चालत नाही.

पहिल्या अर्जात कागद मागूच नका, यादी मागा. असं लिहा : "दिनांक २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्याच्या अनुषंगाने आपल्या कार्यालयात नोव्हेंबर २००८ ते डिसेंबर २००९ या काळात उघडलेल्या नस्त्यांची यादी मिळावी. यादीत नस्ती क्रमांक, विषय, पृष्ठसंख्या व अभिलेख वर्ग नमूद असावा." यादी हाती आली की दुसऱ्या अर्जात त्यातल्या दोन-तीन नस्त्यांची, म्हणजे फायलींची, पाहणी मागा, म्हणजे कार्यालयात बसून पानं उलटता येतात. पाहणीत टिपून घेतलेल्या पानांच्याच प्रती तिसऱ्या अर्जात. पानाला २ रुपये. तीन अर्ज म्हटल्यावर लोक नाक मुरडतात, पण एका मोठ्या अर्जाच्या नकारापेक्षा हा रस्ता लवकर पोचवतो.

नकार बहुधा कलम ८(१)(एच) खाली येईल : तपासाला किंवा खटल्याला अडथळा. नुसतं तेवढं लिहून भागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००७मध्ये भगत सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय की तपास चालू आहे एवढं कारण पुरेसं नाही, ही माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते अधिकाऱ्याने दाखवायला हवं. हे वाक्य अपिलात आवर्जून घाला.

पट्टी आली की घाबरू नका

माहिती अधिकार कायद्याचं कलम १० सांगतं की कागदातला काही भाग देता येत नसेल तर तेवढा वेगळा काढून उरलेला द्यायचा. सोबत लेखी कळवायचं की भाग वगळला आहे, कारण काय, आणि हा निर्णय कुणी घेतला, त्याचं नाव आणि पदनाम. काळी पट्टी कायद्याला मान्य आहे, कारण न सांगता मारलेली काळी पट्टी मान्य नाही.

एका कार्यालयातून मला १४ पानं आली होती. मार्करने फासलेली, वर झेरॉक्स काढलेली, कारण कुठेच नाही. मी प्रथम अपिलात कलम १०(२) एवढाच मुद्दा घेतला, दुसरा एकही नाही. महिन्याभरात कारणांची यादी आली आणि सहा पानांवरच्या पट्ट्या निघाल्या, कारण त्यांना लावायला कारणच सापडलं नव्हतं.

त्याच १४ पानांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली. तिसऱ्या पानावर मधला सगळा परिच्छेद काळा होता. पण सरकारी पत्राचं शीर आणि पाय कुणी सहसा काळं करत नाही. वर होतं "संदर्भ : आपले पत्र क्र. …, दिनांक …", खाली "सोबत : वरीलप्रमाणे", आणि त्याखाली "प्रत माहितीसाठी रवाना" म्हणून चार कार्यालयांची नावं. म्हणजे तेच पत्र आणखी चार आवक नोंदवह्यांत चढलेलं होतं, जावक क्रमांक आणि तारखेसह. मी चारही ठिकाणी त्या क्रमांकाने अर्ज केले. दोघांनी नकार दिला, एकाने सापडत नाही म्हणून कळवलं, आणि चौथ्याने अख्खं पत्र पाठवलं, एकही ओळ न झाकता. झाकलेल्या परिच्छेदात वाहनांच्या दुरुस्तीचा खर्च होता. गुपित काहीच नव्हतं, कुणीतरी सवयीने मार्कर फिरवला होता.

म्हणून पट्टीकडे टक लावण्याआधी संदर्भ, जावक क्रमांक आणि 'प्रत रवाना' ही यादी उतरवून घ्या. पट्टीची लांबी मोजून नाव ओळखायचा खेळ खेळू नका. त्यातून निर्दोष माणसाचं नाव चव्हाट्यावर येतं आणि ते पुन्हा मागे घेता येत नाही.

जे झाकलेलंच राहायला हवं

कधी कधी पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढलेला असतो आणि खालचा मजकूर तसाच जिवंत असतो. निवडून कॉपी केला की वाचता येतो. अमेरिकेत डिसेंबर २०२५मध्ये जेफ्री एपस्टीन प्रकरणाची कागदपत्रं खुली झाली तेव्हा काही पानांवर हेच झालं, आणि पुढच्या खेपेत तर पीडित स्त्रियांची नावं उघडी राहिल्याने हजारो कागद मागे घ्यावे लागले. तोवर ती जगभर गेली होती.

असा मजकूर तुमच्या हाती आला तर आधी विचारा, पट्टीखाली कोण आहे? अधिकाऱ्याचा निर्णय असेल तर तो सनदशीर मार्गाने बाहेर काढण्यासाठी भांडा. पीडित, साक्षीदार, लहान मूल, नातेवाइकाचा पत्ता असेल तर पुढे पाठवू नका, ज्या कार्यालयाने चूक केली त्याला कळवा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. २६/११चे साक्षीदार आजही याच शहरात राहतात, लोकलने कामावर जातात. त्यांनी एकदा न्यायालयात उभं राहून आपलं कर्तव्य केलं. त्यांना पुन्हा शोधून काढायचा हक्क आपल्याला नाही.

खासगी माहितीचं कलम ८(१)(जे) नोव्हेंबर २०२५पासून बदललं आहे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हणूनच नकार देता येतो. कलम ८(२) मात्र शाबूत आहे : जनहित भारी ठरत असेल तर माहिती द्यावी. अपिलात जनहित कुठलं ते दोन ओळींत ठोसपणे मांडा, भाषण नको.

अपील, आणि २०२८

तीस दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील. तिथेही न्याय नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दोन्हींना २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पोच जपून ठेवा, पाकीटसुद्धा, कारण त्यावरचा टपालाचा शिक्का मुदतीचा पुरावा असतो. आयोगाकडची वाट लांब आहे.

पण माझ्या कॅलेंडरवर एक तारीख लाल केलेली आहे : २६ नोव्हेंबर २०२८. कलम ८(३) म्हणतं की अर्जाच्या दिवशी घटनेला वीस वर्षं उलटलेली असतील तर माहिती द्यावी लागते. देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद ही तीन कारणं तेवढी उरतात. तपासाला अडथळा हे कारण त्या दिवसापासून या घटनेपुरतं संपतं.

तोवर कागद शिल्लक राहायला हवा, हीच खरी काळजी आहे. राज्याच्या कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग असतात. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क-१' दहा, 'क' पाच आणि 'ड' एक वर्षाचा. २००८ची एखादी नोंदवही कुणी 'क' वर्गात टाकली असेल तर ती रीतसर नष्ट करता येते आणि त्यात कुणाचा गुन्हाही ठरत नाही. त्यामुळे वर दिलेल्या पहिल्या अर्जातले 'अभिलेख वर्ग' हे दोन शब्द गाळू नका. यादी आली की आधी तोच रकाना वाचा. एखादी नस्ती चुकीच्या वर्गात दिसली तर कार्यालय प्रमुखांना पत्र लिहून ती 'अ' वर्गात घ्यायची विनंती करा, पत्राची पोच घ्या, आणि पुढच्या अर्जात नष्ट केलेल्या अभिलेखांच्या नोंदवहीची प्रत मागा. हा अर्ज आजच करता येतो, दहा रुपयांत.